होडीतलं दुसरं जॅकेट

मी, नामे इस्क्रा यासेन बेलचेवा, वय ३६ वर्षे, धंदा बायकांचे केस कापण्याचे व रंगवण्याचे दुकान, राहणार नदीकडची गल्ली, गोर्ना लिपा. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते येणेप्रमाणे:

मी वरील पत्त्यावर माझी सासू दोइका बेलचेवा, वय ७१ वर्षे, व मुलगी नेदा, वय ९ वर्षे, यांच्यासह राहते. माझे पती यासेन बेलचेव हे चार वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात डॅन्यूब नदीत बुडून मयत झाले. त्या वेळी होडीत त्यांच्यासोबत त्यांचा धाकटा भाऊ स्विलेन हा होता. तो वाचला. स्विलेन हा नट असून राजधानीत राहतो. गेल्या गुरुवारी मी याच ठाण्यात त्याच्याविरुद्ध तक्रार दिली. त्या तक्रारीच्या कामी निरीक्षक त्रेन्दाफिल कोएव यांनी बोलावल्यावरून आज सोमवारी पुन्हा आले आहे.

हवालदारांनी पहिल्या कागदावर ‘सदर इसम’ असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. इसम कोण? माझा दीर आहे तो. माझा त्याच्यावर कितीही राग असू दे, इसम म्हणायचं काम नाही. मी बोलते तसंच लिहायचं असेल तर सांगते, नाही तर हा मी उठले. साहेब म्हणाले, बोलतात तसं लिहा. म्हणून पुढचं माझ्या बोलण्याप्रमाणे आहे.

होडीची हकीकत अशी आहे. संत निकोलाच्या सणाला आमच्याकडे घरोघरी कार्प मासा लागतो. कोणी दुकानातून आणतं, पण बेलचेवांच्या घरात दुकानातला मासा आणला असता तर माझे सासरे थडग्यातून उठून बाहेर आले असते. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी दोघे भाऊ बेटाकडे जाळी काढायला गेले. मी तेव्हा दुकानात होते. सणामुळे गिऱ्हाइकं रांगेत बसली होती. बेटाच्या अलीकडे एक मोठी मालवाहू बोट गेली, तिच्या लाटेने होडी हलली. यासेन जाळं ओढायला उभा होता, तो पाण्यात पडला. स्विलेनच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, यासेनच्या अंगात नव्हतं. पाणी किती गार असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. स्विलेन वल्हं पुढे करत राहिला. यासेन खालच्या वळणावर, रुमानियाच्या काठाला सापडला.

होडीच्या नोंदीत दोन जॅकेटं होती. दुसऱ्याचं काय झालं, असं तेव्हा विचारलं गेलं. स्विलेनने सांगितलं की गरम होतंय म्हणून यासेनने अंगातून काढून फळीवर ठेवलं होतं, तेही त्याच्याबरोबर पाण्यात गेलं. तसं लिहिलं गेलं, प्रकरण बंद झालं. मी ते चार वर्षं खरं मानलं. चार वर्षं मी नवऱ्याच्या फोटोला फुलं वाहिली आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. गाढवा, डिसेंबरात तुला गरम होत होतं? घरात लहान पोर आहे, आणि तू अंगावरचं जॅकेट काढतोस? माझा राग यासेनवर होता, हे मी स्पष्ट सांगते. मेलेल्या माणसावर राग धरणं फार वाईट, तो भांडायला येत नाही.

अंत्यविधी झाल्यावर स्विलेन गेला तो गेला. चार वर्षांत त्याने आमच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही. सणावाराला फोन करायचा. सासू फोन उचलायची, आवाज ओळखायची आणि एक शब्द न बोलता रिसीव्हर नेदाच्या हातात द्यायची. दोघं माय-लेक चार वर्षं बोलले नव्हते. का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, थोरला गेला आणि धाकटा वाचला, हे तिला सोसत नसेल. बायकांना असं होतं. मी त्यांच्या मध्ये पडले नाही.

तक्रार का दिली ते सांगते. गुरुवारी दुकानात एक बाई केस रंगवायला आली होती. नाव सांगत नाही, ती बिचारी यात कशाला. ती जिल्ह्याच्या गावी बहिणीकडे गेली असताना स्विलेनचा एकपात्री प्रयोग बघून आली होती. मला म्हणाली, “इस्क्रा, तुझा दीर स्टेजवर भावाच्या मरणाची गंमत सांगतो गं. आम्ही पोट धरधरून हसलो. नंतर रडलोही, पण आधी हसलो.” मी विचारलं, कसली गंमत? तिने जॅकेटची सांगितली. तो म्हणतो म्हणे, दुसरं जॅकेट नदीत गेलंच नाही, मी त्याच्यावर बसलो होतो, बूड गार पडत होतं म्हणून. भावाने मागितलं तरी दिलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईच्या डोक्यावरचा रंग धुवायचा राहून गेला आणि तिचे केस गाजरासारखे झाले. तिची मी माफी मागितली आहे, ते प्रकरण मिटलं आहे. मी ॲप्रन न काढता तशीच ठाण्यात आले आणि तक्रार दिली की स्विलेनने चार वर्षांपूर्वी खोटं लिहून दिलं, माझा नवरा त्याच्यामुळे मेला, आणि आता तो त्याची तिकिटं विकतो.

साहेब तेव्हा म्हणाले, “बाई, नाटकात माणूस काहीही बोलतो. उद्या कोणी स्टेजवर म्हणेल मी राजाला मारलं, तर मी त्याला आत घालू का?”

मी म्हटलं, “शनिवारी तो इथे आपल्या वाचनगृहाच्या हॉलमध्ये येतोय. तुम्ही स्वतः येऊन ऐका. ऐकून जर तुम्हाला वाटलं की हे नाटक आहे, तर मी तक्रार मागे घेते.”

साहेब हो म्हणाले. हे त्यांनाही आठवत असेल.

आता त्या कागदाचं सांगते, कारण सगळा घोळ त्या कागदाने केला. स्विलेनने प्रयोगाची जाहिरात आपल्याकडच्या निधनाच्या कागदासारखी छापली होती. तीच काळी चौकट, वर क्रॉस, मध्ये फोटो. फोटो त्याचा स्वतःचा, हसणारा. खाली लिहिलं होतं, ‘चार वर्षांपूर्वी आम्हाला सोडून गेलेला, अजून न पुरलेला, आमचा लाडका स्विलेन. शनिवारी संध्याकाळी वाचनगृहाच्या सभागृहात.’ त्याखाली बारीक अक्षरात, एकपात्री प्रयोग, ‘मी कोरडा राहिलो’. राजधानीत अशा कागदाला हसत असतील. इथे बेकरीच्या दारावर, बस थांब्यावर, चर्चसमोरच्या झाडावर, जिथे आपण आपल्या गेलेल्या माणसांचे कागद लावतो, नेमके तिथेच ते कागद लावले. बारीक अक्षर इथे कोण वाचतं? माणूस फोटो बघतो, छातीवर क्रुसाची खूण करतो, वेळ आणि जागा बघतो आणि पुढे जातो. त्यात शनिवार पितरांचा. सगळा गाव सकाळी स्मशानात, हातात गेलेल्यांच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू आणि मेणबत्त्या. येताना हा कागद समोर. बेलचेवांचा दुसराही गेला, अशी बोंब दुपारपर्यंत गावभर झाली होती.

सासू सकाळी यासेनच्या थडग्यावर जाऊन, गहू वाटून परत आली. डोक्यावरचा रुमाल न सोडता तिने पुन्हा पातेलं चुलीवर ठेवलं. मी म्हटलं, “आई, गहू वाटून झाले ना सकाळी?”

“ते यासेनचे. हे दुसऱ्याचे.”

“दुसरं कोण?”

“बेकरीच्या दारावर जाऊन बघ.”

माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, “अहो आई, ती नाटकाची जाहिरात आहे. तो जिवंत आहे. संध्याकाळी हॉलमध्ये त्याचा प्रयोग आहे.”

“जिवंत माणसाला काळ्या चौकटीत कोण घालतं गं? मला वेडी समजतेस?”

“त्यानेच घातलंय स्वतःला.”

“इस्क्रा, माझ्यापासून लपवू नकोस. मी एकदा सोसलंय, मला पद्धत माहीत आहे. आधी म्हणतात आजारी आहे, मग म्हणतात जिवंत आहे, मग दार वाजतं.”

मी तिच्यासमोर स्विलेनला फोन लावला. प्रयोगाच्या दिवशी नट मंडळी फोन बंद ठेवतात, हे मला काय माहीत? फोन बंद. सासू म्हणाली, “बघ.” मग तिने गव्हात घालायचे अक्रोड कुटायला घेतले. कुटता कुटता ती रडली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

संध्याकाळी मी तिला घेऊन गेले. न्यायलाच हवं होतं, नाही तर ती एकटी गेली असती. हॉलच्या दारात निम्मा गाव काळ्या कपड्यांत उभा होता. म्हाताऱ्यांच्या हातात गव्हाची पातेली, मेलेल्यांना नेतात तशी जोडीजोडीने फुलं, मेणबत्त्या. तिकीट फाडणारा हात जोडून सांगत होता, “अहो आज्यांनो, नाटक आहे, नाटक.” त्या म्हणाल्या, “असू दे बाळा, गहू तरी वाटून होतील.” आणि तिकिटं काढून आत गेल्या. साहेब साध्या कपड्यांत, मंडळींसह तिसऱ्या रांगेत होते. मी आणि सासू मधल्या वाटेच्या कडेला बसलो. पातेलं तिच्या मांडीवर, वर पांढरा रुमाल.

दिवे गेले. पुन्हा लागले तेव्हा स्टेजवर होडी म्हणून पत्र्याचा टब होता, आणि टबातून स्विलेन उठला. अंगात नारिंगी जॅकेट. म्हणाला, “नमस्कार मंडळी! रडायला आलात की हसायला? तिकीट दोन्हीचं एकच आहे.”

सासूने माझं मनगट धरलं. एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या हातात इतकं बळ असतं हे मला माहीत नव्हतं. वळ अजून आहेत, हवे तर पंचनाम्यात घ्या. ती तोंडातल्या तोंडात फक्त “आहे, आहे, आहे” एवढंच म्हणत होती. पातेलं कलंडत होतं, ते मी धरलं.

प्रयोग कसा होता असं साहेबांनी विचारलं म्हणून सांगते. चांगला होता. अंत्यविधीला लोक त्याला म्हणतात, देवाने तुला वाचवलं. तो म्हणतो, देवाने नाही हो, जॅकेटातल्या स्पंजने. पाद्रीबाबा प्रार्थनेत चुकून याचंच नाव घेतात आणि हा शवपेटीपाशी उभा राहून ‘हजर’ म्हणतो. लोक हसले. माझ्याही तोंडून एकदा हसू फुटलं. लिहा तेही. मग मला स्वतःचाच इतका राग आला की मी ओठ चावला.

मग जॅकेटचा प्रसंग आला. साहेबांनी खिशातून छोटी वही काढली, ते मी पाहिलं. स्विलेन टबात बसला आणि म्हणाला, “पोलीस म्हणाले, दुसरं जॅकेट कुठंय? मी म्हटलं, नदीत. पोलीस म्हणाले, बरं. इतकं सोपं असतं मंडळी. आता तुम्हाला सांगतो, पोलिसांना सांगू नका. मी त्याच्यावर बसलो होतो. फळी बर्फासारखी गार. भाऊ म्हणाला, दे रे ते जरा. मी म्हटलं, थांब पाच मिनिटं, आत्ता कुठे गरम झालंय.”

लोक हसले. मग त्यांना कळलं आपण कशाला हसलो, आणि हॉलमध्ये खोकलासुद्धा ऐकू येईना. मी मनात म्हणत होते, ऐका साहेब, लिहा साहेब.

तेवढ्यात सासूने पातेलं माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती उभी राहिली. सरळ वाटेत गेली. सासू म्हणाली, “खोटं बोलतोस.”

स्विलेन टबातून उठला. कपाळावर हात आडवा धरून दिव्यांपलीकडे बघू लागला. म्हणाला, “आई?”

सासू म्हणाली, “तुझ्या बुडाखाली काही नव्हतं. इतक्या लोकांत कशाला खोटं बोलतोस? ते जॅकेट माझ्या दोरीवर होतं. मी धुतलं होतं दोन्ही. मासळीचा वास मारत होता त्यांना, सणाला पाहुणे यायचे होते. एक वाळलं, दुसरं वाळलं नाही. यासेन विचारत आला, आई, जॅकेट कुठंय. मी म्हटलं, ओलं आहे अजून, तसाच जा, बेटापर्यंतच तर जायचंय.”

पुढे ती म्हणाली, “तसाच जा, असं मी म्हटलं. त्याने माझं ऐकलं.”

एवढं बोलून ती उभीच राहिली. आणि मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळा हॉल. काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्यासुद्धा. साहेबांनी वही खिशात घातली आणि टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, “काय म्हातारी शोधून आणलीय हो, हुबेहूब!” साहेबांच्या मंडळी माझ्याच दुकानात येतात, त्यांचा आवाज मला चांगला माहीत आहे. सासू वळून वळून सगळ्यांकडे बघत होती. तिला आयुष्यात कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. हे कशाचं, ते तिला कळेना.

स्विलेनची पुढची वाक्यं गेली. तो स्टेजच्या कडेला बसून राहिला. पडदा टाकावा लागला. लोकांना तेही नाटकच वाटलं. बाहेर येऊन सगळ्यांनी गहू खाल्ले.

साहेबांनी आता मला असं विचारलं की, “शनिवारी मलाही ती नटीच वाटली. पण काल घरी जेवताना माझ्या डोक्यात आलं, पुढची वाक्यं विसरणारा नट आणि पाठांतर न चुकणारी म्हातारी, हे काही जमत नाही. इस्क्रा, मला एक सांगा. ती दोइका बेलचेवा तिथे जे बोलली, ते खरं आहे की नाटक?”

मी म्हटलं, खरं असेल तर काय होईल?

साहेब म्हणाले, “खरं असेल तर जुनं प्रकरण उघडावं लागेल. स्विलेनने तेव्हा खोटा जबाब दिला, तो त्यात अडकेल. आणि म्हातारीने माहीत असून चार वर्षं लपवलं, तिलाही बोलवावं लागेल. पुढे काय ते सरकारी वकील ठरवतील. आणि ते नाटक असेल, तर मग स्विलेन टबात बसून बोलला तेही नाटकच. मग तुमच्या तक्रारीत काही उरत नाही. काय ते एक सांगा.”

मी पाणी मागितलं. पाणी दिलं. पाणी प्यायले.

माझी सासू या क्षणी बाहेर बाकावर बसली आहे. तिला कोणी बोलावलेलं नाही. ती सकाळी स्वतःच कपड्यांची पिशवी भरून माझ्याबरोबर निघाली. पिशवीत रात्रीचा झगा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि लोकरीच्या चपला आहेत. नेदा शाळेला जाताना तिने तिची वेणी घातली आणि मला म्हणाली, उद्यापासून तुला घालावी लागेल. तिच्या शेजारी स्विलेन बसला आहे. दोघांच्या मध्ये पिशवी आहे.

विचारल्यावरून सांगते की, शनिवारी घरी गेल्यावर आमच्यात काही बोलणं झालं नाही. सासूने सूप गरम केलं. मला नेहमीप्रमाणे चुलीजवळच्या खुर्चीवर बसवलं. चार वर्षं ती मला तिथेच बसवते आणि स्वतः दाराजवळ गार वाऱ्याच्या झोतात बसते. मांसाचा चांगला तुकडा माझ्या ताटात, नाही तर नेदाच्या. मी म्हटलं, आई, आज तुम्ही बसा इथे. ती म्हणाली, “मला सवय आहे.” तेव्हा मला रडू आलं. साहेब म्हणाले, रडण्याचं कारण? मी म्हटलं, सूप तिखट होतं.

विचारल्यावरून सांगते की, सासूच्या खोलीत जुनी पेटी आहे, तिच्यात ब्लँकेटं आहेत. मी ती पेटी शनिवारी रात्री उघडली होती, कारण थंडी पडली. तिच्यात फक्त ब्लँकेटं आहेत. माणूस पाठवून बघा हवं तर.

विचारल्यावरून पुढे सांगते की, रविवारी सकाळी आमच्या अंगणातून रबर जळाल्यासारखा वास येत होता हे खरं आहे. शेजारणीने तुम्हाला फोन करून सांगितलं, तिला दुसरा उद्योग नाही. मी पालापाचोळा आणि यासेनच्या सायकलचे जुने टायर जाळले. अंगणात टायर जाळणं गुन्हा असेल तर माझ्यावर दंड लावा, मी भरते. सायकल कुठे आहे असं साहेबांनी विचारलं. ती मी भंगारात दिली.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर देते. नाटक होतं. माझी सासू त्या प्रयोगात काम करत होती.

साहेब म्हणाले, “कागदावर एकपात्री छापलंय.”

मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक असेल. किंवा स्विलेनने मुद्दाम तसं छापलं असेल, लोकांना धक्का बसावा म्हणून. ज्याने स्वतःला काळ्या चौकटीत घातलं, त्याला हे काय अवघड?

साहेब म्हणाले, “तुम्ही वर लिहून दिलंत की माय-लेक चार वर्षं बोलले नव्हते. मग तालीम केव्हा केली?”

मी म्हटलं, माझ्या दुकानातल्या फोनवर. मी केस कापत असताना. मला वाटायचं, ती डॉक्टरशी बोलतेय.

“आणि तिने घरात दुसरे गहू शिजवले, तो मेला म्हणून?”

“तेही नाटकच. साहेब, ती फार पक्की नटी आहे. घरातसुद्धा भूमिकेतून बाहेर येत नाही.”

“बाई, मी तुम्हाला मूर्ख वाटतो?”

“तुम्ही टाळ्या वाजवल्यात साहेब. तिसऱ्या रांगेतून. मी एवढंच म्हणते.”

साहेब हळू आवाजात म्हणाले, “इस्क्रा, नवरा तुमचा गेला. गुरुवारी तुम्ही याच खुर्चीत बसून टेबलावर हात आपटत होता, की मला खरं काय ते कळलंच पाहिजे. आता नको आहे का कळायला?”

मी सांगते की, मला चार वर्षं माझ्या नवऱ्याचा राग होता. तो राग गेला. त्याने जॅकेट काढलं नव्हतं, तो गाढव नव्हता. एवढं मला पुरतं. ते मला कसं कळलं, हे सांगायला मी बांधील नाही. मग दोन दिवस मला स्विलेनचा राग होता, तोही आता नाही. राग धरायला माणूस लागतो साहेब, आणि बेलचेवांच्या घरात आता माणसंच किती उरलीत? एक म्हातारी, एक पोर, एक मी, आणि एक तो बाहेर बसलेला मूर्ख. यातलं मी कोणाला तुमच्याकडे सोडून घरी जाऊ? गुरुवारी दिलेली तक्रार मी मागे घेते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. कोणी आणून तर बघावा.

साहेबांनी सासूचाही जबाब घ्यावा लागेल असं म्हटल्यावरून मी सांगितलं की, घेऊ नका. नटीचा जबाब घेऊन काय करणार? ती तुम्हाला शनिवारचाच संवाद म्हणून दाखवेल, आणि तुम्हाला पुन्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटतील.

त्यावर साहेब उठले आणि त्यांनी दार उघडलं. मी खुर्चीतूनच वळून बघितलं. सासू बाकावरून उठली. पिशवी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. स्विलेनही उठला.

साहेब तिला म्हणाले, “आजी, शनिवारी काम फार छान केलंत. माझ्या मंडळींना फार आवडलं.”

सासू म्हणाली, “काम नव्हतं हो साहेब ते. मी खरंच धुतलं होतं. मी खरंच त्याला तसाच जा म्हटलं.”

मी म्हटलं, “बघा. अजून भूमिकेतच आहे.”

सासूने माझ्याकडे बघितलं. मग ती बाकावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. यासेन गेल्यापासून ती रडलेली मी पाहिली नव्हती. स्विलेनने पिशवी उचलून खाली ठेवली आणि तो तिच्या शेजारी सरकला. साहेबांनी दार लोटून घेतलं आणि आत येऊन बसले. अधिक जबाब घेण्याची आवश्यकता वाटत नाही असं हवालदारांना लिहायला सांगितलं.

हवालदारांनी हा जबाब पहिल्यापासून शेवटपर्यंत मला मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना मी एक दुरुस्ती सांगितली. हॉलमधल्या प्रसंगात जिथे जिथे ‘सासू म्हणाली’ असं लिहिलं आहे, तिथे तिथे ‘सासूचा संवाद असा होता’ असं वाचावं. बाकी सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे, ते मला मान्य आहे, आणि त्याखाली मी माझ्या हाताने सही करते.

इस्क्रा बेलचेवा